रात्री साडेतीनचा अधिकार

वडिलांना दवाखान्यात ठेवून तिसरी रात्र होती. आपल्याच शहरातलं एक मोठं रुग्णालय, जनरल वॉर्ड, बारा नंबरचा कॉट. साडेतीनच्या सुमारास ड्यूटीवरच्या सिस्टर आल्या, वडिलांचं मनगट धरलं आणि उभ्या राहिल्या. मला वाटलं, नाडी बघतायत. बऱ्याच दिवसांनी कळलं की त्या श्वास मोजत होत्या. कुणी श्वास मोजतंय हे कळलं की माणूस नकळत संथ श्वास घ्यायला लागतो. म्हणून मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. मिनिटभरानं त्यांनी चार्टवर ३२ लिहिलं, डोक्याकडची बाजू उंच केली, सलाईनचा वेग कमी केला, ऑक्सिजनचा मास्क लावला. मग कॉल बुक ओढलं, वेळ टाकून चार ओळी लिहिल्या आणि वही वॉर्डबॉय मामांच्या हाती देऊन निवासी डॉक्टरांकडं पाठवली.

डॉक्टर चाळीस मिनिटांनी आले. दुसऱ्या वॉर्डात ते एका सीरियस पेशंटपाशी अडकले होते, दोष त्यांचाही नाही. मधल्या वेळात मी दोनदा विचारलं, "सिस्टर, काय झालंय वो?" दोन्ही वेळा उत्तर एकच. "डॉक्टर सांगतील, दादा."

सकाळी केसपेपर चाळला तर त्यात डॉक्टरांच्या अक्षरात ऑर्डर होती: ऑक्सिजन सुरू करावा, वेळ ३.३५. ते अक्षर ज्या हाताचं, तो हात ३.३५ ला वॉर्डात नव्हता. यात कुणी फसवाफसवी केली असं मला वाटत नाही. वॉर्डात असंच चालतं. काम आधी होतं, हुकूम मागून येतो, आणि कागदावर दोन्हींचा क्रम उलटा लागतो. सिस्टरांनी घेतलेला निर्णय फाइलीत कुठंच निर्णय म्हणून दिसत नाही. दिसते ती फक्त अंमलबजावणी.

परिचर्येच्या व्यवसायाला स्वायत्तता किती आणि मान किती, हा प्रश्न दरवर्षी १२ मे आला की भाषणांत निघतो. मेणबत्त्या लागतात, शपथ होते, गुलाब वाटले जातात. उत्तर मात्र त्या कॉल बुकात आहे. आपल्या व्यवस्थेत नर्सला अधिकार नाही असं नाही. अधिकार आहे, पण तो डॉक्टरच्या गैरहजेरीतून मिळालेला आहे. डॉक्टर जितका लांब, तितका तिचा अधिकार मोठा. डॉक्टर वॉर्डाच्या दारात दिसला की तो आपोआप आटतो.

पदनामांपासूनच बघा. महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत परिचारिकांची उतरंड अशी लागते: अधिपरिचारिका, म्हणजे आपण जिला स्टाफ नर्स म्हणतो ती, तिच्या वर परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, मग सहायक अधिसेविका आणि शेवटी अधिसेविका, म्हणजे मेट्रन. शिकवणारी पाठ्यनिर्देशिका. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये आपल्या रुग्णालयांत 'स्टाफ नर्स' हे नाव काढून 'नर्सिंग ऑफिसर' केलं. आपल्याकडच्या भरतीच्या जाहिरातींत मात्र अधिपरिचारिका टिकून राहिली. शब्दात 'अधि' आहे, पण त्याला जोडून 'कार' यायचा राहून गेला. आणि एवढं करून वॉर्डात तिला हाक मारली जाते ती 'सिस्टर' अशीच. हा शब्द मिशनच्या जोगिणींकडून आला आणि पुरुष परिचारक आल्यावर त्यानं 'ब्रदर'ही जन्माला घातला. डॉक्टरला कुणी 'अहो भाऊ' म्हणत नाही.

याहून गमतीचा शब्द 'शुश्रूषा'. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकणारा शिष्य शुश्रूषू. त्यावरून आज्ञाधारकपणा, त्यावरून सेवा, आणि त्यावरून नर्सिंग. व्यवसायाच्या नावातच 'सांगितलेलं ऐकणं' बसलेलं आहे. आणि १९४९ चा मुंबईचा कायदा बघा, खासगी रुग्णालयांची नोंदणी ज्याखाली होते तो. त्याचं नाव शुश्रूषागृह नोंदणी कायदा. इमारतीला नाव शुश्रूषेचं. दारावरची पाटी मात्र डॉक्टरांची, पदव्यांसकट.

हे कसं झालं, त्याला इतिहास आहे. मुंबईत प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव सांगितलं जातं, साल १८९१. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, मलमूत्र काढायचं. 'घरंदाज' म्हणवणाऱ्या घरांनी हे काम आपल्या लेकीबाळींसाठी निषिद्धच मानलं. त्यामुळं सुरुवातीला यात आल्या त्या बहुतांशी ख्रिस्ती मुली आणि विधवा. रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं, स्थापना १९०९, पुण्यात ससून रुग्णालयाच्या साहाय्यानं हिंदू बायकांना नर्सिंगकडं वळवलं, तेव्हा त्यांना औषधांपेक्षा लोकलज्जेशी जास्त झगडावं लागलं. आपला मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता आणि १९४८ पर्यंत तिथंच राहिला. १९५६ मध्ये हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. लोक त्याच्या रुग्णालयाला 'घाटी' म्हणतात. शहराचं नाव २०२३ ला बदललं, घाटीचं बदलणार नाही. जालना, बीड, परभणी, हिंगोली, शिवाय विदर्भ-खानदेशाच्या कडेचे तालुके, सगळ्यांची शेवटची आशा ही. मंजूर खाटा १,१७७. खाली गाद्या टाकून झोपलेले पेशंट त्या आकड्यात धरलेले नाहीत.

कायदे बऱ्यापैकी आहेत. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, महाराष्ट्राचा परिचारिका अधिनियम १९६६ चा. २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा करून १९४७ चा कायदा मोडीत काढायचं ठरवलं. यांतून नोंदणी, अभ्यासक्रम, परीक्षा, कॉलेजांची मान्यता हे सगळं येतं. नर्सनं शिकावं कसं, हे कायद्यानं बारकाईनं सांगितलंय. शिकून झाल्यावर स्वतःच्या जबाबदारीवर करायचं काय, याबद्दल तो बराचसा मुका आहे. औषधांचं बघायचं तर औषध नियमांप्रमाणं चिठ्ठी लिहिणार तो नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी. चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग आणि वर दोन वर्षांची एमएस्सी केलेली बाई मोठ्या रुग्णालयात तापाची गोळीसुद्धा स्वतःच्या सहीनं देऊ शकत नाही.

आता तीच गोष्ट कन्नडच्या किंवा सोयगावच्या डोंगरातल्या उपकेंद्रात बघा. तिथं एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका, असते. तिचं शिक्षण शहरातल्या पदवीधर सिस्टरपेक्षा कमी. पण औषध नियमांच्या 'के' अनुसूचीनं उपकेंद्राच्या आरोग्यसेविकांना, अंगणवाडीताईंनासुद्धा, औषधं देण्याची सूट ठेवलीय. केंद्राच्या २०१० च्या प्रसूतीविषयक मार्गदर्शक सूचनांनी तर एएनएमला आणखी पुढं जाऊ दिलं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायला ऑक्सिटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉल तिनं द्यायचं. बाईला झटके आले तर पुढं पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस तिनंच द्यायचा. झटक्यांचं हे इंजेक्शन म्हणजे खेळ नाही. प्रमाण चुकलं तर श्वास थांबतो. ते एकटीनं द्यायची मुभा कमी शिकलेलीला आहे, आणि जास्त शिकलेलीला, शेजारच्या खोलीत डॉक्टर बसलेला असल्यामुळं, नाही.

म्हणजे हे कौशल्याचं मोजमाप नव्हेच. डॉक्टर खेड्यात जायला तयार नाही, म्हणून तिथं अधिकार सोडला. ज्यांनी हे आधी करून दाखवलं, त्यांचा मुद्दा वेगळा होता, हे इथं सांगायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० पासून हेच सांगत होते की ज्ञान वाटलं की आजार कमी होतो. दोन्ही ठिकाणी अधिकार दिला तो शिकवून, तपासून, लेखी पद्धत घालून. सरकारनं त्यातलं देणं उचललं, ते बहुधा नाइलाजापुरतंच.

नाइलाज नसेल तेव्हा काय होतं, याचं उत्तर २०१८ नंतर मिळालं. आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली आणि 'समुदाय आरोग्य अधिकारी' हे नवं पद निर्माण झालं. रक्तदाब, मधुमेह तपासायचा, ठरलेली औषधं द्यायची, लोकांवर लक्ष ठेवायचं. डॉक्टर नसलेल्या पण डॉक्टरसारखं थोडंफार ठरवणाऱ्या माणसाची ही जागा, म्हणजे देशभरात बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींसाठी चालून आलेली संधी. महाराष्ट्रात तीवर मोठ्या प्रमाणात बसले बीएएमएस झालेले वैद्य, सहा महिन्यांचा जोडअभ्यासक्रम करून. त्यांच्यातले अनेक जण चांगलं काम करतायत, याबद्दल माझी तक्रार नाही. पण राज्यानं दिलेला निरोप परिचारिकांना बरोबर कळला. अधिकाराची खुर्ची आली की ती नावापुढं 'डॉ.' असलेल्याकडंच जाते.

इतर प्रयोगही झाले. अतिदक्षता विभागासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा पदव्युत्तर अभ्यासक्रम परिचर्या परिषदेनं आणला. २०१८ च्या शेवटी केंद्रानं प्रसविकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ज्यांत दीड वर्षाचं जादा प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेनं निकोप बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करायचं आहे. सिझेरियनचं पेव फुटलेल्या आपल्यासारख्या शहरांत ही दुसरी योजना मला सगळ्यांत मोलाची वाटते. वाट बघणं हे प्रसूतीतलं मोठं कौशल्य, आणि ते सिस्टरांकडं असतं. चार ठिकाणी ओपीडी असलेल्या डॉक्टरकडं ते असणं अवघड.

आता दुसरी बाजू. अधिकार देताना हात आखडणारी व्यवस्था जबाबदारी देताना फार मोकळ्या हाताची होते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. चौकशी, निलंबन, आणि पुढं दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. अकरा जण दगावले. पोलिसांनी चौघींना अटक केली: एक डॉक्टर, तीन परिचारिका. राज्यभरातल्या परिचारिका चिडल्या ते यावर. वायरिंगचं कंत्राट, आगीची तपासणी, फायर अलार्मची खरेदी, यांपैकी एकाही कागदावर सिस्टरची सही चालत नाही. वॉर्डात किती खाटा घालायच्या, हेही तिला विचारत नाहीत. त्या रात्री कर्तव्यात कुणी कसूर केली की नाही हे न्यायालय ठरवेल. पण एरवी जिला ऑक्सिजन लावायचाही हुकूम लागतो, ती आगीच्या रात्री अचानक पूर्ण स्वायत्त कशी होते, हा प्रश्न उरतोच.

२०२३ च्या ऑक्टोबरचे पहिले दिवस मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू, त्यांत १२ नवजात. पाठोपाठ घाटीतून चोवीस तासांत १८ मृत्यूंची बातमी. औषधं नव्हती का, डॉक्टर कमी होते का, यावर टीव्हीवर रात्री जागल्या. नांदेडच्या नवजात अतिदक्षता विभागात २४ खाटांवर साठाहून अधिक बाळं होती, ही गोष्ट तेव्हा बाहेर आली. नर्सिंगच्या दृष्टीनं खरं प्रकरण हेच. परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं, अतिदक्षता विभागात एका पेशंटमागं एक परिचारिका, अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तिघांमागं एक, वर रजेसाठी तीस टक्के जादा. ज्यांनी सरकारी वॉर्डात एक रात्र काढलीय, त्यांनी हे प्रमाण मनात ठेवून सिस्टर मोजून बघाव्यात. एका सिस्टरकडं चाळीस पेशंट असतील तर स्वायत्ततेची चर्चा चैनीची वाटायला लागते. निर्णय घ्यायला आधी पेशंटकडं बघायला मिळालं पाहिजे. सिस्टर चारी दिशांना पळत असतात. अर्धा वेळ इंडेंट, स्टॉक, रजिस्टरं आणि नातेवाइकांचा राग.

पैशाची गोष्ट थोडक्यात. २९ जानेवारी २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितली. समितीनं सांगितलं: दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी पगाराइतका, पन्नासहून कमी असतील तरी किमान २० हजार रुपये. हे आकडे छोट्या दवाखान्यातल्या सिस्टरला सांगून बघा, हसतील. सरकारी बाजूला २०२२ च्या मेअखेर महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेनं संप केला तो बाह्य संस्थेमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या विरोधात. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असलेली मुलगी डॉक्टरला 'हा डोस जास्त वाटतो, सर' असं म्हणेल का? स्वायत्ततेला नोकरीची शाश्वती लागते, ही गोष्ट परिषदांमधल्या सुंदर स्लाइडींत सापडत नाही.

डॉक्टरांचा आक्षेपही ऐकला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. गल्लीबोळांत नर्सिंगची कॉलेजं निघाली. कागदावर तीनशे खाटांचं संलग्न रुग्णालय, प्रत्यक्षात विद्यार्थिनींनी बाळंतपण लांबून बघितलेलं. त्याहून वाईट म्हणजे छोट्या खासगी दवाखान्यांत बारावी झालेल्या मुलीला पांढरा कोट चढवून, सहा महिन्यांत सुई टोचायला शिकवून 'सिस्टर' म्हणतात. नातेवाइकांना नोंदणीकृत परिचारिका आणि ही मुलगी यांतला फरक कळत नाही. अशांना निर्णयाचा अधिकार द्यायचा का, असं डॉक्टर विचारतात. नाहीच द्यायचा. पण त्या मुलीला कोट कुणी चढवला? स्वस्तात पडते म्हणून ती ठेवणारे आणि तिच्याकडं बोट दाखवून खऱ्या सिस्टरचा हक्क अडवणारे पुष्कळदा एकच असतात.

बाहेर काय चालतं ते बघू. अमेरिकेत कोलोराडोला १९६५ मध्ये लोरेटा फोर्ड या परिचारिकेनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं मिळून नर्स प्रॅक्टिशनरचं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. ब्रिटनमध्ये १९९४ ला मोजक्या परिचारिकांना मोजकी औषधं लिहायला दिली. २००६ पर्यंत पात्र परिचारिकेला जवळजवळ सगळी औषधं लिहायला खुली झाली. बारा वर्षं लागली, आणि दर टप्प्याला तपासणी होती. पण मला जास्त नवल वाटतं जर्मनीचं. तिथं १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानं काही कामं परिचर्येसाठी राखून ठेवली: रुग्णाला कोणत्या शुश्रूषेची गरज आहे ते ठरवणं, तिचं नियोजन, तिच्या दर्जाची तपासणी. ही कामं दुसऱ्या कुणाला करता येत नाहीत, मालकाला ती दुसऱ्याकडून करून घेता येत नाहीत. डॉक्टरकडून काढून घेतलेलं काही नाही यात. नर्सचं जे होतंच, त्याला कायद्यानं कुंपण घातलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. म्हणजे पैठणची किंवा सिल्लोडची मुलगी जर्मन शिकून तिथं जाईल आणि तिला तिथं कायद्यानं जे मिळेल, ते तिच्या घाटीतल्या मैत्रिणीला इथं मिळत नाही.

मान या शब्दाची खरी कसोटी मात्र आपल्याच राज्यात लागली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच हल्ला झाला. त्यानंतर जवळपास बेचाळीस वर्षं, १८ मे २०१५ पर्यंत, त्या तिथंच पडून होत्या आणि केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. त्यांचा जीव शांत होऊ द्यावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज आला, तेव्हा प्रश्न असा होता की या बाईच्या वतीनं बोलायचं कुणी. अर्ज करणाऱ्या लेखिकेनं, की नातेवाइकांनी? ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं, केईएमच्या कर्मचाऱ्यांनी. ज्यांनी रोज खाऊ घातलं, कूस बदलली, त्यांनी. त्यांना ती जगावी असं वाटत होतं, आणि न्यायालयानं ते मानलं. इच्छामरणाच्या वादात निकालाचा हा भाग मागं पडला. माझ्या मते या देशात परिचारिकांच्या जाणतेपणाला मिळालेली ती सगळ्यांत मोठी कायदेशीर मान्यता आहे. रोज अंगाला हात लावणाऱ्याला त्या माणसाबद्दल काहीतरी कळतं, आणि ते कळणं पुरावा म्हणून धरता येतं, एवढं त्यात आहे. रोजच्या वॉर्डात ते अजून पोचलेलं नाही.

वडिलांच्या त्या रात्रीचं शेवटचं सांगायचं राहिलं. सकाळी आठला ड्यूटी बदलली. रात्रीच्या सिस्टर आणि सकाळच्या सिस्टर कॉटामागून कॉट ओव्हर देत-घेत येत होत्या. बारा नंबरपाशी आल्या तेव्हा मी वडिलांच्या पायाशी बसलो होतो, दोघींनी माझ्याकडं बघितलं नाही. "बारा नंबर. साडेतीनला धाप, रेस्पिरेशन बत्तीस, आता चोवीस. लघवी रात्रभर कमीच आहे, मी ज्यादा सलाईन देऊ दिलं नाही. पायाला सूज वाढलीये, राउंडला सरांना दाखव. आणि हे दादा रात्रभर जागे आहेत, यांना चहाला पाठव." मग दोघी तेरा नंबरकडं गेल्या.